तिरपा उजेड

३ मार्च
आजपासून सीरियस काम. लग्नांचे फोटो काढून काढून माझ्यातला कलाकार मेलाय. विषय ठरला: ओसाड इमारती, पोपडे, गंज. अडचण एकच. जिथे जावं तिथे माणसं राहतात!

४ मार्च
सापडली. काखेत कळसा! ताई भाड्याने राहते तीच बिल्डिंग. वरचे मजले रिकामे, खाली ताई एकटी आणि तिचं शिवणयंत्र. भिंत दगडी, पक्की. रंग उडालाय आणि केसाएवढी एक भेग. ताईला म्हटलं, वाळत घातलेले कपडे काढ, कुंड्या आत घे आणि तासभर बाहेर दिसू नकोस. म्हणाली, मी मेल्यावर घर कसं दिसेल ते काढतोयस का रे? आर्ट कळत नाही तिला. पण कपडे काढले, चहाही दिला.

९ मार्च, सकाळी ६.४०
जमलं! दिवा भिंतीला लावून तिरपा मारला की त्याच भेगेत हात जाईल असं दिसतं. मालिकेचं नाव ‘उजाड’. खाली ओळ: इथे आता कोणी राहत नाही. ऑनलाइन टाकली. चार लाइक. एक माझा.

२१ मार्च
पहिला रसिक! ताईचा घरमालक. बारा मोठ्या प्रिंट नेल्या. प्रत्येकीच्या मागे तारीख, पत्ता, माझी सही हवी म्हणाला. असा जाणकार विरळा. ताई उगाच म्हणते, तो तिला बाहेर काढायला टपलाय.

६ एप्रिल
ताईच्या दारावर पालिकेची नोटीस. इमारत धोकादायक, पाडणार. हरकत वीस तारखेपर्यंत. पुरावा म्हणून माझे फोटो जोडलेत. कडा कापून कंपोझिशनची पार वाट लावली. विचारायचं तरी!

८ एप्रिल
ताई आली. म्हणाली, हे सगळं दिव्याचं काम आहे एवढंच लिहून दे. देणारच. माझा पहिला कॅमेरा तिनेच घेऊन दिलेला.

१४ एप्रिल
‘उजाड’ स्पर्धेला पाठवली. भेग आहे तशीच टिपली, असं सही करून दिलंय. लगेच उलटं कसं लिहू? निकाल वीसला सकाळी. दुपारी ताईचं पत्र. अजून बरेच दिवस पडलेत.

२० एप्रिल
नाव नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही. परीक्षकांना डोळे नाहीत! डोकं ठणकतंय. पत्र उद्या. एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?

२१ एप्रिल
पालिकेच्या ऑफिसात गेलो. क्लार्कने पत्र वाचलं, प्रिंटमागची सही पाहिली आणि विचारलं, साहेब, तेव्हा खोटं दाखवलंत की आता खोटं लिहिलंत? मग म्हणाला, असो, मुदत कालच संपली.

१२ मे
भिंत पाडायला सात माणसं, अडीच दिवस. मुकादम वैतागला, म्हणाला, एवढी पक्की भिंत कोणत्या गाढवाने पाडायला काढली? ताई शेजारीच उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
संध्याकाळी ती दोन बॅगा घेऊन माझ्याकडे आली. दारातच थांबली. म्हणाली, मी कुठे बसू, म्हणजे तुझ्या फोटोत येणार नाही?