उपदेशाऐवजी शाल

रविवार, संध्याकाळ

शाल अजून खांद्यावरच आहे. काढायचंही सुचलं नाही.

आज आमच्या चर्चच्या मंडळीचा वर्धापनदिन. भजन संपलं तसे सेक्रेटरी कानाशी आले, "पाळकसाहेब, पाहुण्यांना पुढं जायचंय. सत्कार उरकू, उपदेश आजच्या दिवस राहू द्या." मी मान हलवली. का? वाद नको म्हणून? की सत्काराच्या यादीत माझंही नाव होतं म्हणून? दीड तास नुसत्या शाली, नारळ, फोटो. नव्व्याण्णव मेंढरं सोडून एका हरवलेल्या मेंढरामागं जाणाऱ्या मेंढपाळावर उपदेश लिहून नेला होता, तो बायबलात घडी घातलेलाच राहिला.

निघताना दाराशी शांताबाई उभी. ऊसतोडीवरून सहा महिन्यांनी परतलेली, पाथर्डीहून जीपनं आलेली. नवरा उसाच्या ट्रॉलीवरून पडल्यापासून अंथरुणाला खिळलाय. म्हणाली, "घरी गेल्यावर ह्ये इचारत्याल, आज वचन काय सांगितलं? काय सांगू?"

मी म्हणालो, "आज सत्कार होते म्हणून सांगा."

ती शालीकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्यानं त्यास्नी बरं न्हाई वाटायचं."

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. सत्कार काय, कुठल्याही सभेत होतात. शुभवर्तमानच ऐकायला मिळणार नसेल तर माणसांनी चर्चमध्ये यायचं कशाला? आणि मी तरी तिथं कशाला?

उद्या पहिल्या एसटीनं पाथर्डी. ते कागद घेऊन शांताबाईच्या नवऱ्याच्या उशाशी बसतो. ऐकणारा एकच असेल.

मेंढरूही एकच होतं.