शेणातलं ऊन

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी आता पन्नाशीला टेकलोय. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. आज आलं, कारण गेल्या दोन महिन्यांत माझ्या रानात जे घडलं ते ज्याला सांगावं असं माणूस तुमच्याशिवाय दुसरं आठवेना.

तुम्ही भिंगारच्या. मिरजगावपर्यंत एसटी आणि पुढे मिळेल ते वाहन धरून आमच्या शाळेत यायच्या. तुमच्या साडीला रोज इस्त्री असायची, आमच्याकडे ती लग्नातसुद्धा सगळ्यांच्या साडीला नसायची. म्हणून आम्ही सहावीत असताना तुम्ही सगळ्या वर्गाला शाळेमागच्या माळावर नेलंत, ताज्या शेणाच्या एका पोभोवती बसवलंत आणि स्वतःही गुडघे टेकलेत, तेव्हा आम्ही शेणाकडे कमी आणि तुमच्या साडीकडे जास्त बघत होतो. "बोलायचं नाही. कोण कोण जेवायला येतंय ते बघा," तुम्ही म्हणालात. माझ्या शेजारी बसणारा, वर्गातला सगळ्यात वाह्यात पोरगा म्हणाला, "बाई, ह्ये पेपरात येनार हाय का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पेपरात नाही, तुझ्या ताटात येणार आहे." आम्ही एवढे हसलो की माशा उडाल्या.

मग मात्र कोणी हसलं नाही. आधी माशा परत आल्या, मग मोहरीएवढे तपकिरी किडे, आणि मग घूं करत हवेतून काहीतरी काळं खाली आदळलं. शेणकिडा. त्यानं पुढच्या पायांनी शेणाचा तुकडा कापला, थापून थापून गोल केला, आणि उलटा होऊन मागच्या पायांनी ढकलत निघाला. मी विचारतो, "बैलानं सगळं खाऊन टाकलेलं, त्यात आता काय उरलंय बाई?" तुम्ही म्हणता, "ऊन." गवतानं उन्हातून अन्न केलं, बैलाला त्यातलं थोडंच काढून घेता आलं, उरलेलं ह्याच्या वाट्याला. ह्याला साळुंकी टिपेल, साळुंकीला ससाणा नेईल. दर घरी थोडं थोडं खर्च होत जाईल. मी मान वर करून सूर्याकडे बघितलं होतं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली होती, ते आजही आठवतं.

त्या दिवशी मी ती गोळी खिशात घातली. घरी दाखवायची होती. तुमच्या लक्षात आलं तेव्हा शाळा सुटत होती. तुम्ही मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. "त्या गोळीत किड्याची मादी अंडं घालणार होती. तिच्या पोराचं जन्मभराचं जेवण तू उचललंस. जिथून घेतलंस तिथं ठेवून ये," एवढंच म्हणालात, आणि मी परत येईपर्यंत फाटकाशी उभ्या राहिलात. तुमची गाडी त्या दिवशी चुकली.

त्याच वर्षी थंडीत तुम्ही आम्हाला उकिरड्यावर नेलंत. सकाळी नुसती वाफ निघत होती. "हात घाला," म्हणालात. हात कोपरापर्यंत गेला आणि आत चुलीजवळ असावी तशी ऊब. डोळ्यांना न दिसणारे जीव आत जेवतायत आणि जेवताना ही ऊब सुटते, असं तुम्ही सांगितलंत. "खत शेतात जाईल, त्याचं पुन्हा पीक होईल. पण ही ऊब गेली ती गेली, ती परत येत नाही. म्हणून सूर्याला रोज यावं लागतं." बाई, मी रोज मारुतीला दिवा लावून मगच गोठ्यात जातो. आरतीवर हात धरून तोंडावरून फिरवतो तेव्हा कितीदा मला तो उकिरडा आठवतो, आणि त्यात काही विटाळ वाटत नाही. रोज न चुकता येणारं आणि सगळ्यांना पोसून निघून जाणारं दुसरं काय आहे?

आता चूक सांगतो. माझ्याकडे चार संकरित गाई आहेत. गोचीड फार होतात, म्हणून तीन-चार वर्षं इंजेक्शन देतोय. सगळेच देतात. या आषाढात शाळेतले तरुण गुरुजी परिसराचा पाठ शिकवत होते, तेव्हा मीच फुशारकीनं म्हणालो, पोरांना माझ्या रानात आणा, पुस्तकात नाही ते दाखवतो. पोरं आली, तुम्ही बसवायच्या तशीच मी बसवली. अर्धा तास झाला, तास झाला. माशांशिवाय कोणी नाही. तेव्हा मी आजूबाजूला नीट बघितलं. आधीच्या आठवड्यांतले पो जिथल्या तिथं पडलेले, वरून वाळलेले, एकालाही भोक नाही. ताटं वाढलेली आणि पंगतीत कोणी नाही. एक पोरगी म्हणाली, "काका, तुमच्या शेनाला कोन इचारीनाच की!" सगळे खिदळले. मी म्हणालो, "ऊन लई झालंय, झोपले असतील."

संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "त्या औषधाचा अंश शेणातून बाहेर पडतो, बरेच दिवस. गोचीड मरतो तसे शेणातले किडेही मरतात. आजवर कोणी विचारलं नव्हतं हो मला." बाई, मला त्या रात्री घास गेला नाही. एक पोर उपाशी राहील म्हणून तुम्ही मला माळावर परत पाठवलं होतंत, आणि मी तर वाढलेल्या ताटात विष कालवत होतो, तेही तीन-चार वर्षं.

इंजेक्शन बंद केलं. रोज करंजाचं तेल लावतो आणि हातानं गोचीड वेचतो. बायको म्हणते, "आता किड्यांस्नी आवतान धाडा, मी पानं मांडते." पण वेचायला तीच आधी बसते. एका गाईचं दूध कमी झालंय, ते सोसतोय. दोन महिने रोज सकाळी रानात जाऊन वाकून बघितलं. काही नाही, काही नाही. इथून ते उठून गेलेच असतील तर कुठून बोलवायचे?

परवा भाद्रपदातल्या उन्हात एका पोला भोक दिसलं, बाजूला उकरलेल्या ताज्या मातीची चिमूटभर रास. मी चपला काढून उभा राहिलो. बघता बघता एक आला, मग दुसरा. माझ्या गाईच्या शेणातलं ऊन दोघं मिळून ढकलत होते. शेजाऱ्याच्या रानातून आले असतील, त्यानं म्हशीला कधी इंजेक्शन दिलेलं नाही. कोणी सांगितलं असेल त्यांना, की आता इथं जेवायला हरकत नाही?

काल गुरुजींना सांगून पोरांना पुन्हा बोलावलं. किडे आले, पोरं ओरडली, ती पोरगी पालथी पडून बघत राहिली. जाताना गुरुजींनी सांगितलं म्हणून एकेकानं माझ्या पाया पडून घेतलं. मागच्या वेळी किडे का नव्हते ते निदान काल तरी सांगायला हवं होतं. पोरगीनं विचारलंही, "काका, मागं खरंच झोपले हुते का?" मी व्हय म्हणालो.