हळदीची लच्छी

मंगळवार, दिवेलागण

आज मी सखूअक्कांवर उगाच ओरडले. तेच सारखं टोचतंय. केळीच्या खोडातून धागा काढायचं मशीन कंपनीने आमच्या बचत गटाला दिलं, आणि पूजा करताना अक्कांनी थेट त्याच्या रोलरलाच हळद फासली. पहिली लच्छी पिवळीजर्द निघाली. नेमकं तेव्हाच कंपनीच्या मॅडम नमुना बघायला दारात. तो पसंत पडला तरच गावातल्या आणि वरच्या पाड्यावरच्या बायकांना काम मिळणार होतं. मी सगळ्यांसमोर अक्कांना बोलले.

मॅडमनी धागा ताणला, पुन्हा ताणला. तुटला नाही. "सोमवारपासून सुरू करा," म्हणाल्या, "फक्त पुढचा माल पांढरा हवा." पाड्यावरची झुनाबाई तर मशीनभोवती नाचायलाच लागली. मीही हसत होते, पण अक्कांकडे बघवेना.

मॅडम निघाल्या तेव्हा अक्का ती पिवळी लच्छी घेऊन पुढे आल्या. म्हणाल्या, "पोर सासरले चालनी, आंगले हळद नको का?"

मॅडमनी ओढणी पसरून ती ओटीसारखी घेतली.

हळद पुसायला आणलेलं फडकं मी गपचूप पाठीमागे लपवलं.