नमुन्याचं घर

मुलुंड,
९ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप माईंना,
जयंतीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर कुंदावहिनींचं होतं, म्हणजे आता दुसऱ्या डोळ्यालाही दिसेनासं झालं असावं. मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरात करायचं ठरवलंत ते उत्तम. श्यामने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. इकडे सर्व ठीक. उत्तर मात्र वरच्या मुलुंडच्या पत्त्यावर पाठवा. हल्ली मी इथेच असते.

आमच्या इमारतीचं कुठवर आलं, असं विचारलंत. बैठ्या चाळीतली माणसं सध्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. पाया भरून झाला. अख्ख्या खोल्या खाली साच्यात ओतायच्या आणि क्रेनने वर नेऊन एकमेकींवर बसवायच्या, असं हे काम. त्यामुळे खर्च कमी आणि वेळही कमी. प्रत्येक बिऱ्हाडाला आज एक खोली आणि स्वयंपाकघर मिळेल, आणि शेजारी एक मोकळा खण. मुलगा कमावता झाला, सून आली, की त्या खणात आणखी एक खोली आणून बसवायची. तोवर तिथे वारा खेळेल. ही कल्पना माझी, उभं कसं राहील याचं गणित श्यामचं. तुम्हाला आठवत असेल, मागे एकदा गणपतीत तुमच्या ओसरीवर काड्यापेट्या रचून आम्ही यावरूनच भांडत होतो.

पहिलं घर नमुना म्हणून खाली जमिनीवरच मांडलं आहे. दुपारी त्याची पश्चिमेची भिंत तापते. संध्याकाळी तिला पाठ टेकवत नाही. पावसात सांध्यातून पाणी आलं. तो सांधा आता बदलला, आणि पुढच्या सगळ्या घरांची पश्चिमेची भिंत दुहेरी करतोय, मध्ये हवेला जागा ठेवून. हे कागदावर कळलं नव्हतं. तिथे राहिल्यावर कळलं.

कुंदावहिनी, इथून पुढचं वाचताना माईंजवळ दुसरं कुणी नसू दे.

माई, त्या घरात मी राहते. जुलैपासून.

जूनच्या अगदी शेवटी चाळीच्या कमिटीचे काशीराम परब माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, नवीन नकाशावर सही मागतायत. त्यात आमचा मोकळा खण कुठेय?" मी तो नकाशा पाहिलाच नव्हता. बिल्डरला त्या जागेत बाहेरच्यांसाठी फ्लॅट हवे होते, आणि श्यामने तसा नकाशा काढून दिला होता. घरी गेल्यावर मी विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "नाहीतर इमारतच उभी राहणार नाही, जयू. अर्धं तरी होऊ दे ना." मी म्हटलं, मला आधी सांगायचंस. त्यावर त्याचा आवाज चढला. मग तो म्हणाला, "त्या डब्यांत तू स्वतः राहशील का? लोकांना राहायला सांगणं सोपं असतं."

दुसऱ्या दिवशी बॅग भरली आणि इथे आले.

शेडमधल्या रुक्मिणीबाई पहिल्याच सकाळी दारात उभ्या. "एकट्याच? साहेब येणार नायत?" मी म्हटलं, नाही. "बरा," म्हणाल्या आणि पेजेचं भांडं ठेवून गेल्या. पुन्हा विचारलं नाही.

चाळकऱ्यांनी त्या नकाशावर सही केली नाही. बिल्डर निघून गेला. दुसरा मिळेपर्यंत काम बंद होतं. श्यामचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे त्या दिवसांत मला रोज दिसत होतं. आता काम जुन्या नकाशानेच सुरू झालंय. गेल्या मंगळवारी पहिली खोली वर चढली. माणसं माना वर करून बघत होती. श्याम नव्हता. हे काम त्याने सोडलं आहे.

गेल्या आठवड्यात मात्र तो आला. भिंतीला हात लावून पाहिला, चहा प्यायला. म्हणाला, "सांधा चांगला केलास." मग म्हणाला, "आई येतेय. ती आहे तेवढे दिवस घरी येऊन राहा. तिला काही कळायला नको." मी हो म्हटलं. हे पत्र लिहायला बसले ती इकडे सर्व ठीक आहे एवढंच कळवायला. तेवढं लिहून झालं, पण तिथे थांबता आलं नाही. डोळे उघडल्यावर तुम्ही पहिलं जे बघाल ते खोटं असू नये.

श्याम वाईट नाही. त्याने मारलं नाही, दुसरं कुणी आणलं नाही. तुम्ही विचाराल, मग परत का जात नाहीस? भिंत तापते, नळाला पाणी वेळेवर येत नाही, तरी इथे मला झोप लागते. अंधेरीच्या आमच्या घरी कितीतरी दिवस लागत नव्हती. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

तुम्ही अंधेरीलाच उतरा, तो तुमचा मुलगा आहे. डोळ्यांत औषध घालायला मी रोज येईन. मी बेल वाजवली की दार तुम्ही उघडू नका, त्याला उघडू दे. आणि माझ्या हातचं औषध नको वाटलं, तर तसं कळवा. मी राग धरणार नाही.

नावाआधी 'सौ.' लिहावं की नाही, हे बराच वेळ ठरेना. म्हणून नुसतं नाव लिहिते.

जयंती