खिडकीच्या काचेवरचा एक्स-रे

बाबा,

तुमच्यासाठी मी हातानं केलेल्या वस्तू अशा: सागाचा पलंग, उंची एकवीस इंच. भिंतीलगतचा कठडा, साडेसात फूट, रंधा मारून गुळगुळीत. जुन्या सायकलच्या चाकांची खुर्ची. दातात धरून ओढायची घंटेची दोरी. कुणाकडे शिकलो नाही, पाहून पाहून केलं. कठडा मात्र वाया गेला, कारण तुमची बोटं मिटतच नव्हती. बावीस वर्षं मिलमध्ये तुटलेला धागा न पाहता जोडणारी बोटं.

मिलच्या जिन्यावरून तुम्ही मागे पडलात, मानेला हिसका बसला. डॉक्टर एक्स-रे पाहून म्हणाले, हाड मोडलेलं नाही. माझं तेवढ्यानं भागेना. तो फोटो मी खिडकीच्या काचेला लावला आणि कंपास घेऊन एकेक मणका मोजला. सगळी अंतरं सारखी. मग तुमच्या उशाशी उभा राहून म्हणालो, "सारं जाग्यावर हाये. उठत काहून नाही?"

"मले पायच समजून नाही राहिले गा."

शेजारचे काका दारातूनच म्हणाले, "फोटूत बिमारी नाही, मंग खाटेवर कोन झोपून राहिलं?" तुम्हीसुद्धा हसलात. मी हसलो नाही. मला त्यांचं पटलं होतं.

त्याच आठवड्यात मिलच्या ऑफिसातून बोलावणं आलं. मी जाऊन परत येतो, तर तुम्ही विचारता, "काही म्हनले का गा?" मी म्हणतो, "काही नाही." पुढे मरेपर्यंत, मिलचा भोंगा झाला की तुम्ही म्हणायचात, "विसरले वाट्टे मले."

महिन्याभरानं आईनं कढत चहाचा पेला तुमच्या मांडीशी ठेवला. तुम्ही बोलत राहिलात. पेला उचलला तर कातडीवर हा मोठा फोड, आणि तुम्हाला पत्ता नाही. नाटक करणारा माणूस ओरडला असता. नंतर रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं, फोटोत हाडं येतात, मणक्यांच्या आतला मज्जारज्जू येत नाही. मार त्याला बसलाय, तो भरून येणार नाही. माझं माप बरोबर होतं. मोजलं ते भलतंच.

हा कागद त्या कंपासच्या डबीत राहील. ऑफिसात साहेब म्हणाले होते, इतक्या वर्षांची नोकरी आहे, वडिलांसाठी काही घेऊन जा. मी म्हणालो, "माझा बाप धडधाकट आहे, दोन महिन्यांत कामावर येईल. भीक नको." तुम्हाला विचारलंही नाही. तीन हजार रुपये देत होते, बाबा.