एवढ्यात भागतं

६ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझी खोली, तुझा पलंग आणि तुझा तो अजूनही रडणारा नळ, सगळे मजेत आहेत. मी नाही.

कॉलेज सोडल्यापासून मी कुठे टिकत नाही म्हणतेस ना? या नोकरीत पाच महिने टिकलोय. काम असं, की शहरातल्या एकेका इमारतीत जायचं, बॉयलरचं तेल, वीज, गॅस असं वर्षभराचं सगळं मांडायचं, त्यातून किती कार्बन हवेत गेला ते काढायचं आणि इमारतींची आपसात तुलना करायची. मी मोजायची फीत धरतो, आकडेमोड आमच्या इंजिनीअरबाई करतात. बाई कसली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सात लिहिताना मधे आडवी रेघ मारते. हल्ली मीही मारतो. हसू नकोस.

परवा आपल्या इमारतीचा नंबर लागला. दर चौरस मीटरला पन्नास किलो. नदीपलीकडच्या नव्या टॉवरला पंचवीस. म्हणजे आपण दुप्पट घाणेरडे! जूनअखेर यादी पक्की होणार. वर असतील त्यांना नवा बॉयलर, नवे पाइप. तळाला असतील त्या इमारती रिकाम्या करून पाडायच्या. आपण तळाला आहोत, आत्या.

मी भर बैठकीत ओरडलो, की तिकडे एकेका माणसाला दोन-दोन न्हाणीघरं, ते स्वच्छ आणि आम्ही घाण होय? ती शांतपणे म्हणाली, आकडा चुकला असेल तर चूक दाखव. मी फीत टेबलावर आपटून निघून आलो. फीत तुटली.

तुझं घर मी पाडू देणार नाही. कसं, ते ठाऊक नाही.

तुझा,
तडतड्या

*

१४ मार्च

चि. तडतड्यास,

अ. उ. आशीर्वाद.

कॉलेज अर्धवट, नोकरी अर्धवट, भांडण तेवढं पूर्ण! आधी नवी फीत घे आणि तिच्या हातात नेऊन दे.

तुझ्या पत्राने मला थेट तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवलं. अख्ख्या मजल्यात एक फ्रिज, तोही जिन्याच्या वळणावर. प्रत्येक घराला एक कप्पा. टायपिस्टबाई त्यांची औषधं आपल्या घराच्या कप्प्यात ठेवायच्या, कारण स्वतःच्या कप्प्यात त्यांना ती सापडत नसत. गरम पाणी सहा ते आठ. तू अंगाला साबण फासून गात बसायचास आणि शिंपीणकाकू दारावर थाप मारून सांगायच्या, की बाहेर ये, नाहीतर तसाच वाळशील. इस्त्री त्यांचीच. ती तापली की जिन्यातून हाक यायची आणि सगळी माणसं आपापले सदरे घेऊन धावायची. थंडीत चार घरं आपल्या खोलीत, कारण बॉयलरचा पाइप आपल्या भिंतीतून जायचा. तुझा बाबा विचारायचा, दुसरा दिवा लावू का गं? मी म्हणायचे, कशाला, एवढ्यात भागतं.

तर माझ्या अडाणी डोक्यात येतं ते असं. तुम्ही भागता कशाने? फरशीने. फरशी काय अंघोळ करते? माणसांनी भागून बघ की. काल बसून मी एकेक दार आठवलं, तळापासून गच्चीपर्यंत. शहाण्णव माणसं भरली.

मुलगी सातला रेघ मारते, एवढंच लिहिलंस. उंची नाही, रंग नाही, स्वभाव नाही. प्रकरण हाताबाहेर गेलेलं दिसतं.

काळजी करणारी,
आत्या

*

२२ मार्च

ती. आत्यास,

सा. न. आणि एक मुका!

आपल्या इमारतीचा वर्षाचा कार्बन बासष्ट टन, भागिले शहाण्णव, माणशी सहाशे शेहेचाळीस किलो! टॉवर माणशी हजार! फीत दिली, माफी मागितली, मग कागद पुढे केला. तिने गणित पुन्हा करून पाहिलं आणि म्हणाली, हा भागाकारही तितकाच खरा आहे, समितीपुढे ठेवू. माणशी हजाराच्या वर न जाणारी इमारत दुरुस्तीच्या यादीत घ्यायची तिची शिफारस आहे. मी तिथल्या तिथे फॉर्मवर शहाण्णव लिहून सही ठोकली. तिने मला चहा पाजला. दोन कप झाले.

घाईत,
तडतड्या

*

२ एप्रिल

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

मी गाढव आहे.

तिने फॉर्म पडताळायला घेतला आणि मला म्हणाली, चल, दारं ठोठावू. मी तिथेच राहतो आणि एकही दार न ठोठावता आकडा लिहिला होता, आत्या! तुझ्या पत्रातली माणसं मी आजची म्हणून मोजली. सोळा दारांना कुलपं. फ्रिजच्या जागी कुणाची तरी सायकल. जिवंत, राहती माणसं अठ्ठावन्न. बॉयलर मात्र तेवढंच तेल पितो. तो माणसं मोजत नाही, रिकाम्या खोल्याही तापवतो. माणशी हजार एकोणसत्तर. टॉवरपेक्षा वाईट.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, की मला तुझा आकडा खरा वाटला होता. मग पेन्सिलने खाली लिहिलं, चार कमी. बासष्ट माणसं असती तर बरोबर हजार झाले असते.

या वेळी मी निघून आलो नाही. आठवडाभर तिच्याबरोबर दुसऱ्या इमारतींची दारं ठोठावतोय. ती बोलते, पण कामापुरतं.

तुझं घर माझ्या हातून गेलं.

तडतड्या

*

११ एप्रिल

चि. तडतड्यास,

अ. उ. आशीर्वाद.

चूक तुझी एकट्याची नाही. मी दारं मोजली तेव्हा मलाही ती कुलपं आठवली नाहीत. माझंही दार त्यातलंच, फक्त तू राहतोस म्हणून कुलपावाचून राहिलेलं.

आता नीट वाच. शिंपीणकाकू आणि काका मुलाकडे कंटाळले आहेत. पत्र टाकलं, तर उत्तराआधी फोनच आला. टायपिस्टबाई बहिणीकडून यायला तयार आहेत, अट एकच, औषधं पुन्हा आपल्याच घराच्या कप्प्यात. हे झाले तीन. चौथी मी. एक मेला येते. तुझं अंथरूण खिडकीशी हलव, पलंग माझा आहे. बाईसाहेबांना म्हणावं, जूनपर्यंत कधीही येऊन तिन्ही दारं ठोठावा. आमच्या दाराशी जरा जास्त वेळ थांबली तरी माझी हरकत नाही.

इथे अकराव्या मजल्यावर लेक-जावई दिवसभर कामावर असतात आणि मी तापलेल्या रिकाम्या खोल्यांतून फिरत असते. काल लेकीला सांगितलं. तिने डोळे पुसत विचारलं, आई, इथे कमी काय आहे? मी म्हटलं, कमी काहीच नाही गं. सगळं आहे.

फक्त एवढ्यात माझं भागत नाही.

बाकी समोरासमोर. तोवर माया धरून ठेव,

तुझी बासष्टावी,
आत्या