जीप मागे जाते

४ सप्टेंबर
अंगण झाडताना ती सकाळ आठवली. दोन हंडे पाणी भरलं, भाकर तव्यावर टाकली, तेवढ्यात हे जीपखालून ओरडले, "सतराचा पाना दे वं, भाकर काई पळून नाई जात." भाकर करपली. तीच खाल्ली दोघांनी.
पुढच्या आठवड्यात छातीत कळ. जैनथच्या दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.
जीप तशीच गोठ्याजवळ. विहिरीवर करंटची मोटर आल्यावर रिकामं पडलेलं डिझेल इंजिन यांनी तिच्यात बसवलं होतं. सुरू करून पाहणं राहिलं.

९ सप्टें.
धाकटे दीर आले. चहा घेतला नाही. "वयनी, बैलं इकले. दसऱ्यानंतर कापूस काय डोक्यावर आणसान? शेत मी करतो, तुमी घरी बसून खा."
मी म्हटलं, जीप चालली तर शेत मीच करीन भाऊजी.
हसले. "चालू द्या मंग. दसऱ्यापर्यंत थांबतो."

१४ सप्टें.
तामसीहून पोशट्टी मिस्त्री आला. टाकी धुतली, ऑइल बदललं. चौथ्या हँडलला पेटलं. तोच विहिरीवरचा आवाज.
मिस्त्रीनं पहिला गिअर टाकला. जीप मागे गेली. दुसरा टाकला तर जोरात मागे, थेट कडब्याच्या गंजीत. रिव्हर्स टाकला तर पुढे, मुंगीच्या चालीनं.
शेजारची सुमन म्हणाली, "काऊन वं माय, दादानं निस्ती माघारी यायचीच गाडी केली का?" सगळे हसले. मीही हसले. मग घरात गेले.

१५ सप्टें.
इंजिन उलट्या तोंडानं बसलंय म्हणे. हँडल पुढून मारता यावं म्हणून यांनी तसं बसवलं.
इंजिनाचं हिंदी पुस्तक काढलं. मुलीच्या पहिलीच्या पुस्तकावर मी वाचायला शिकले. यांना येत नव्हतं, मीच वाचून दाखवायची. पान आठ. कोणत्या बाजूनं फिरतं, त्याचा बाण आहे. इंजिन बसवताना मी वाचत या पानावर आले तर म्हणाले, "ते सोड, इंजिन मले मालूम हाय." मी पान उलटलं.
वाचायला हवं होतं. रागावले असते, एवढंच.

२० सप्टें.
मिस्त्री म्हणतो, "अक्का, फिरवून बसवा लागते. हे सारे जोड कापा लागते."
यांनी दोन महिने खपून केलेले वेल्डिंगचे जोड. वाकडेतिकडे, पण घट्ट.
"मग चालेल?"
"सांगता येत नाई. चेसीस गंजली. कापल्यावर नवा जोड धरते का नाई…"
रिव्हर्सवरच शेतात नेली तर?
"दोन खेपांत गिअरबॉक्स जाते अक्का."
न कापता काय, ते विचारलं नाही. भंगारच.

२६ सप्टें.
भाऊजी पुन्हा विचारून गेले.
जीपखाली वाकून जोडांवरून हात फिरवला. एका जागी लोखंडाचा थेंब ओघळून तसाच थिजलाय. कापलं आणि नाही चाललं, तर शेत जाईल आणि यांच्या हातचंही काही उरणार नाही. चालेल असं मला वाटत नाही. तरी संध्याकाळी मिस्त्रीला फोन केला.

२७ सप्टें.
मिस्त्री कटर घेऊन आला. कटरची वायर घरापर्यंत पुरेना. जोडवायर आणून मी ती खिडकीतून आत ओढली, पिन बोर्डात घातली आणि बटण दाबलं.